धर्मश्रद्धा आणि सहिष्णुता

सुधारलेल्या जगांत ज्या थोड्या सद्गुणांविषयीं सर्वांचें एकमत दिसतें, त्यांत सहिष्णुतेचा क्रम फार वर लागतो. "मी असहिष्णु आहें" असें अभिमानानें सांगणारा मनुष्य सहसा आढळत नाहीं. या सद्गुणाच्या जन्माची एक कथाही प्रचलित आहे. ती अशी कीं, युरोपांत जोंपर्यंत ख्रिस्ती धर्मश्रद्धा बलवान होती, तोंपर्यंत मतभेदासाठीं माणसें जाळलीं गेलीं. पुढें ज्ञान वाढलें, श्रद्धा ओसरली, आणि जितकी श्रद्धा ओसरली तितकी सहिष्णुता वाढली. या कथेवरून सहज निघणारें अनुमान असें कीं, ज्याची श्रद्धा जितकी सैल, तितका तो शेजाऱ्यास निरुपद्रवी. हें अनुमान आम्हांस खरें वाटत नाहीं. कथेंत सत्याचा अंश मोठा आहे, हें नाकारण्याचें कारण नाहीं. परंतु सहिष्णुतेचें जें मूळ तींत दाखविलेलें असतें तें तिचें मूळ नव्हे, असें आमचें म्हणणें आहे.

प्रथम शब्दाकडेच पाहूं. सहिष्णु या शब्दांत सह् हा धातु आहे, व त्याचा अर्थ सोसणें. युरोपीय भाषांत या अर्थीं जो शब्द रूढ आहे, तोही सोसणें या अर्थाच्या लॅटिन क्रियापदापासूनच निघालेला आहे. आतां सोसावयास कांहीं भार लागतो. ज्यास पाऊस प्रिय आहे तो पाऊस सोसतो, असें कोणी म्हणत नाहीं. आणि जो घराबाहेर पडतच नाहीं त्याच्याविषयींही तसें म्हणतां येत नाहीं. त्याचप्रमाणें दुसऱ्याचें मत चुकीचें आहे असें ज्यास वाटतें, आणि ती चूक महत्त्वाची आहे असेंही ज्यास वाटतें, त्यालाच तें मत सोसण्याचा प्रसंग येतो. एकादशी केली काय आणि न केली काय, ज्यास सर्व सारखेंच, तो एकादशी मोडणाऱ्या शेजाऱ्याशीं भांडत नाहीं यांत त्याची सहिष्णुता कोणती? त्यास आपण उदासीन म्हणावें. औदासीन्य हा दुर्गुणच आहे असें नव्हे. शेंकडों गोष्टींविषयीं उदासीन राहिल्याखेरीज संसार चालत नाहीं. परंतु औदासीन्यास सहिष्णुतेचा मान देणें म्हणजे ज्याच्या खांद्यावर ओझेंच नाहीं त्याच्या बळाची वाखाणणी करणें होय.

हा भेद नीट ध्यानांत येण्यास ख्रिस्ती इतिहासांतील एक प्रसंग फार उपयोगी आहे. इ. स. १५५३ च्या आक्टोबर महिन्याच्या २७ तारखेस जिनीव्हा शहराबाहेर शांपेल येथें मायकेल सर्व्हेटस या स्पॅनिश वैद्यास जिवंत जाळण्यांत आलें. मनुष्य असामान्य बुद्धीचा होता. हृदयांतून फुप्फुसांत व तेथून परत हृदयांत होणाऱ्या रक्ताच्या अभिसरणाचें वर्णन युरोपांत प्रथम छापून निघालें तें त्याच्या ग्रंथांत; आणि विशेष हें कीं, तो ग्रंथ वैद्यकाचा नसून ईश्वरविषयक आहे. पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या त्रैक्याचें रूढ मत आणि बालकांचा बाप्तिस्मा हीं त्यानें नाकारलीं, हा त्याचा अपराध. फ्रान्समधील व्हिएन या गांवीं कॅथॉलिकांनीं त्यास पकडलें होतें. तेथील तुरुंगांतून तो निसटला, तेव्हां त्याची प्रतिमाच तेवढी जाळली गेली. पुढें तो जिनीव्हांत आला व प्रवचनास बसलेला असतां ओळखला गेला. कॅथॉलिकांच्या हातून अपुरें राहिलेलें काम प्रॉटेस्टंटांनीं पुरें केलें.

या प्रकरणीं जॉन कॅल्व्हिन यास केवळ क्रूर ठरवून मोकळें होणें सोपें आहे, पण तेवढ्यानें विषयाचा उलगडा होत नाहीं. शिक्षा नगरसभेनें दिली. त्यापूर्वीं झूरिक, बर्न, बाझल व शाफहाउझेन या नगरांकडून मत मागविलें होतें, व एकानेंही सर्व्हेटसची बाजू घेतली नाहीं. जाळण्याऐवजीं शिरच्छेद व्हावा अशी कॅल्व्हिनची इच्छा होती. ती मान्य झाली नाहीं. तथापि सर्व्हेटसला पकडविण्यांत व त्याच्यावरील आरोप सिद्ध करण्यांत पुढाकार कॅल्व्हिनचाच होता, आणि पुढल्याच वर्षीं शिक्षेचें समर्थन करणारा ग्रंथही त्यानें लिहिला. अशा शिक्षेचे पुरस्कर्ते ज्या विचारसरणीवर उभे असत ती थोडक्यांत अशी: अन्नांत विष कालविणारा देहाचा नाश करितो, म्हणून राजा त्यास दंड करितो, मग खोट्या शिकवणीनें आत्म्याचा नाश करणाऱ्यास मोकळें कसें सोडावें? बायबलांतील मेजवानीच्या दृष्टांतांत पाहुण्यांस आग्रहानें आंत आणण्याची जी आज्ञा आहे, तिचा असा अर्थ संत ऑगस्टिन यानें आफ्रिकेंतील डोनेटस-पंथीयांविरुद्ध पांचव्या शतकाच्या आरंभींच लावला होता. ही विचारसरणी लोभी किंवा लबाड माणसांची नव्हे. प्रामाणिक मनुष्यालाही ती पटूं शकते, आणि म्हणूनच तिला उत्तर देणें अवश्य होतें.

तें उत्तर कोणा नास्तिकानें दिलें नाहीं. सेबॅस्टियन कॅस्टेलिओ हा कॅल्व्हिनच्याच बाजूचा, एके काळीं जिनीव्हाच्या विद्यालयाचा प्रमुख होता. बायबलांतील 'गीतरत्न' या भागाच्या स्वरूपावरून व आणखी एका मतावरून कॅल्व्हिनशीं न पटल्यामुळें तो बाझल येथें गेला, तेथें छापखान्यांत मुद्रितें तपासून पोट भरूं लागला, आणि १५५३ मध्यें विद्यापीठांत ग्रीक भाषेचा अध्यापक झाला. सर्व्हेटसच्या मृत्यूस थोडेच महिने लोटले नाहींत तों, पाखंड्यांचा छळ करावा काय, या प्रश्नावरील एक पुस्तक टोपणनांवानें व खोटें मुद्रणस्थळ घालून प्रसिद्ध झालें. त्यांत जुन्या धर्मपित्यांचीं, एरॅस्मसचीं, ल्यूथरचीं, एवढेंच नव्हे तर खुद्द कॅल्व्हिनचींही सौम्यतेच्या बाजूचीं वचनें एकत्र केलेलीं होतीं. त्या पुस्तकामागें मुख्य हात कॅस्टेलिओचा होता. कॅल्व्हिनच्या समर्थनास त्यानें जें सविस्तर उत्तर लिहिलें तें मात्र त्याच्या हयातींत छापलें गेलें नाहीं. तो १५६३ मध्यें वारला. उत्तर १६१२ मध्यें हॉलंडांत प्रसिद्ध झालें.

या उत्तराचें स्वरूप वाचकांनीं बारकाईनें पाहावें. सर्व्हेटसचीं मतें खरीं आहेत असें कॅस्टेलिओ म्हणत नाहीं. त्यांचें समर्थन हा त्याचा विषयच नव्हे. धर्माचे प्रश्न क्षुद्र आहेत, सबब ते सोडून द्यावे, असेंही तो म्हणत नाहीं. त्याचें म्हणणें तीन पायऱ्यांनीं मांडतां येईल. पहिली अशी कीं, चोरी, खून, व्यभिचार हीं पापें आहेत याविषयीं कोणी वाद घालीत नाहीं. परंतु त्रैक्य व दैवनियोजन यांसारख्या विषयांत मोठमोठ्या पंडितांचेंही एकमत होत नाहीं, यावरूनच ते विषय दुर्बोध आहेत हें उघड होतें. तेव्हां ज्यास आपण पाखंडी म्हणतों तो बहुधा आपल्याशीं न पटणारा मनुष्य एवढाच असतो, आणि पुढल्या गांवच्या वेशींत शिरल्याबरोबर पाखंडी आपणच ठरतों. दुसरी पायरी अशी कीं, श्रद्धा ही अंतःकरणाची संमति होय. बळानें तोंडून शब्द वदवितां येतात, विश्वास उत्पन्न करितां येत नाहीं. जो भीतीनें कबूल होतो त्याचा आपण दांभिक बनवितों, आणि जो न भितां मरतो त्यास त्याच्या सचोटीबद्दलच मारतों. तिसरी पायरी ख्रिस्ताच्या गहूं व निदण यांच्या दृष्टांताची. त्यांत धन्यानें कापणीच्या वेळेपर्यंत दोन्ही वाढूं देण्यास चाकरांना सांगितलें आहे. मग जो चाकर आजच निदण उपटण्यास धांवतो तो धन्याचें काम बळकावतो.

या तिसऱ्या पायरीवर आमचा विशेष भर आहे. अंतिम न्याय करणारा कोणी आहे आणि तो आपण नव्हे, ही जाणीव येथें हात आवरीत आहे. ती श्रद्धेच्या अभावांतून आलेली नाहीं, श्रद्धेंतूनच आलेली आहे. एकाच ग्रंथावरील निष्ठेंतून कॅल्व्हिनची तलवार निघाली व कॅस्टेलिओचा संयमही निघाला. म्हणून निष्ठा किती होती या प्रश्नापेक्षां त्या निष्ठेनें मनुष्यास स्वतःविषयीं काय शिकविलें, हा प्रश्न अधिक मोलाचा ठरतो.

ख्रिस्ती संस्थांनीं हा धडा लवकर गिरविला, असा याचा अर्थ कोणी करूं नये. गोव्यांत १५६० मध्यें स्थापन झालेलें धर्मन्यायालय, मधलीं थोडीं वर्षें वगळतां, १८१२ पर्यंत चाललें, व त्याची आंच नव्यानें ख्रिस्ती झालेल्या कुटुंबांसच प्रथम लागली. सहिष्णुतेचा प्रसिद्ध पुरस्कर्ता जॉन लॉक यानेंही १६८९ मध्यें नास्तिकांस तिच्या बाहेर ठेवलें. शांपेल येथें कॅल्व्हिनच्या अनुयायांनीं प्रायश्चित्तादाखल शिळा उभारली ती १९०३ मध्यें, ३५० वर्षांनीं. आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें धर्मस्वातंत्र्य हा मनुष्याचा हक्क म्हणून मान्य केला तो १९६५ च्या डिसेंबरांत. मधल्या काळांत श्रद्धावंतांचे हात बांधण्याचें काम पुष्कळ अंशीं ऐहिक कायद्यानें केलें. हें ऋण प्रांजळपणें मान्य केलें पाहिजे.

परंतु श्रद्धा गेली म्हणजे छळाची प्रवृत्तिही जाते, हें इतिहासास मान्य नाहीं. १७९३ सालीं फ्रान्समध्यें बुद्धीच्या नांवानें चर्चें बंद पाडण्यांत आलीं. १९१७ नंतर सोव्हिएट राज्यांत धर्मोपदेशकांच्या वाट्यास तुरुंग व मृत्यु आले. छळास ईश्वराचें नांव अवश्य नसतें. ज्यास मनुष्य सर्वश्रेष्ठ मानतो अशी कोणतीही वस्तु त्याला पुरते. आजचा सुशिक्षित त्रैक्याविषयीं सहिष्णु असतो, कारण त्रैक्य त्याच्या लेखीं कांहींच नाहीं. त्याच्या राष्ट्राविषयीं, पक्षाविषयीं वा सामाजिक मतांविषयीं कोणी विरुद्ध बोलूं लागला म्हणजे मग त्याची परीक्षा होते, आणि तींत उत्तीर्ण होणारे थोडे. उलट हीच संस्कृति श्रद्धावंतास सांगते कीं, तुझी श्रद्धा आवडीनिवडीसारखी खासगी ठेव, दुसरा चुकतो असें म्हणूं नकोस. आमच्या मतें ही मागणी अवास्तव आहे. "तूं चुकतोस" असें म्हणण्याचा हक्क आणि "तरी तुझ्या केसास धक्का लावणार नाहीं" ही प्रतिज्ञा, हीं दोन्ही एकत्र नांदतात तेथेंच सहिष्णुता आहे.

या प्रतिज्ञेची कसोटी आपल्याकडेही लागलेली आहे. पंडिता रमाबाईंनीं २९ सप्टेंबर १८८३ रोजीं इंग्लंडांत वाँटेज येथें बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर तेथील भगिनीमठांतील सिस्टर जेराल्डिन यांच्याशीं झालेल्या त्यांच्या पत्रव्यवहारांत त्रैक्य व चर्चचा अधिकार या विषयांवर तीव्र मतभेद झाले. रमाबाईंनीं ख्रिस्त स्वीकारला होता. आपली सदसद्विवेकबुद्धि कोणाच्या हवालीं करण्यास त्या तयार नव्हत्या. सर्व्हेटसच्या काळीं ज्या शंकांचा निकाल चितेवर लागला, त्यांचा वाद आतां टपालानें चालला होता. सिस्टर जेराल्डिन यांस या शंकांचें दुःख फार झालें, उपदेशही त्यांनीं पुष्कळ केला, तरी पत्रव्यवहार पुढें अनेक वर्षें टिकला. भार वाटत होता, आणि तो सोसलाही जात होता.

पुण्यांत गांठ निराळी पडली. रमाबाईंनीं ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस उघडलेलें शारदासदन पुढल्या वर्षीं पुण्यास आलें. धर्माच्या बाबतींत संस्थेनें तटस्थ राहावें असें ठरलें होतें, व मुलींना आपापला आचार पाळण्याची मोकळीक होती. रमाबाई स्वतः प्रार्थना करीत, व खोलीचें दार त्या लावून घेत नसत. कांहीं मुली तेथें जाऊन बसूं लागल्या. त्यावरून शहरांत गदारोळ उठला. १८९३ मध्यें रानडे व भांडारकर यांच्यासारखे सल्लागारही दूर झाले, आणि अनेक पालकांनीं मुली काढून नेल्या. आपल्याच घरांत आपल्या देवाची प्रार्थना चोरून कां करावी, हा रमाबाईंचा प्रश्न बिनतोड होता. पण पालकांचा प्रश्नही पोकळ नव्हता. जिचें अन्न, निवारा आणि माया हीं तिघें एकाच व्यक्तीकडून येतात, अशा कोंवळ्या वयाच्या विधवेस तें उघडें दार नुसतें दार राहतें काय?

आमचें मत असें कीं, रमाबाईंच्या प्रार्थनेवर आक्षेप घेण्याचा अधिकार कोणास नव्हता, आणि त्यांनीं श्रद्धा झांकून ठेवावी अशी अपेक्षा करणाऱ्यांनीं सहिष्णुतेचा अर्थ ओळखला नव्हता. तथापि कॅस्टेलिओची दुसरी पायरी येथेंही लागू आहे. संमति मोकळी असेल तरच ती श्रद्धा. आणि भीतीप्रमाणेंच उपकाराचाही संमतीवर दाब पडतो. म्हणून दोन बरोबरीच्या पंडितांनीं वाद घालतांना जेवढा संयम पुरेल, त्याहून पुष्कळ अधिक संयम शिक्षकानें शिष्याशीं, पोशिंद्यानें आश्रिताशीं, आणि बहुसंख्य समाजानें अल्पसंख्याशीं बाळगला पाहिजे.

सहिष्णु होण्यासाठीं मनुष्यानें आपली श्रद्धा कमी करावी, असें आम्हांस कोठेंच दिसत नाहीं. दुसऱ्यावर चालणारी आपली सत्ता किती आहे याचा हिशेब मात्र त्यानें रोज करावा, व ज्या प्रमाणांत ती अधिक भरेल त्या प्रमाणांत हात आंखडता घ्यावा. हा नियम कॅल्व्हिनला लागू होता, मिशनऱ्यांना लागू होता, आणि आज ज्यांस कोणत्याच धर्माची गरज उरलेली नाहीं त्यांसही तो तितकाच लागू आहे.