निदान आणि निर्णय

पुण्याहून बाबांचा फोन येतो: लॅपटॉप सुरूच होत नाहीये. "मदरबोर्ड गेला असेल. नवा घ्या, पैसे पाठवतो," असं म्हणून तुम्ही मीटिंगला जाता. हेतू चांगलाच असतो. तरी यात खटकण्यासारखं काही आहे का?

'सुरू होत नाही' ही एक तक्रार नाही, निदान तीन आहेत. बटण दाबून दिवाच लागत नसेल, तर आधी सॉकेट आणि चार्जर बघायचा. चार्जर काढून बटण अर्धा मिनिट दाबून धरायचं आणि पुन्हा लावून बघायचं. दिवा लागतो, पंखा फिरतो, पण पडदा काळा असेल, तर केबलने टीव्ही जोडून बघायचा. टीव्हीवर चित्र आलं, तर संशय पडद्यावर. नाही आलं, तर रॅम काढून पुन्हा बसवण्यासारखी पुढची पायरी. कंपनीचं चिन्ह दिसून गाडी अडत असेल, तर मदरबोर्डवर आळ घेण्याआधी डिस्क आणि विंडोज तपासायला हवेत. अशा वेळी नातवंडांचे फोटो बरेचदा वाचवता येतात.

आयुर्वेदाने निदानाच्या पाच साधनांत 'उपशय' धरला आहे: लक्षणं गूढ असतील तर उपाय करून बघायचा आणि कशाने उतार पडतो त्यावरून रोग ओळखायचा. चार्जर बदलून बघणं म्हणजे तेच.

मी राहतो त्या त्सुफेनहाउझेनला लोक पोर्शेमुळे ओळखतात. पण स्टँडर्ड इलेक्ट्रिक लोरेंझ ही कंपनी इथे संगणकही बनवायची. त्याच उद्योगसमूहातल्या कार्ल श्टाइनबुख यांनी १९५७ मध्ये 'इन्फॉर्माटिक' हा शब्द वापरात आणला. 'माहिती' आणि 'स्वयंचलित' यांची ती सांगड. फोनवरची माहिती मात्र आपोआप येत नाही, विचारावी लागते.

तुम्ही म्हणाल, दहा वर्षांच्या लॅपटॉपसाठी तासभर कोण घालवणार? रास्त आहे. मग तसंच सांगावं: "बाबा, आत्ता वेळ नाही, जुन्यापेक्षा नवा घेऊ." हा निर्णय झाला, आणि त्यावर बाबांना 'नको' म्हणता येतं. 'मदरबोर्ड गेला' हे निदान आहे. त्यावर ते काय बोलणार? मुलगा इंजिनिअर, म्हणजे खरंच असणार. न तपासता दिलेलं निदान त्यांचा हा विश्वास वापरून घेतं, आणि बाबा लॅपटॉप फोटोंसकट भंगारात देऊन टाकतात.

मराठीत 'निदान' म्हणजे 'कमीत कमी' असंही होतं. निदान दिवा लागतो का, एवढं तरी विचारावं.