बारशाला पट्टा काढायचा का?

दोन पट्टे खांद्यांवरून येऊन पाठीवर एकमेकांना छेदतात, एक छातीभोवती बसतो आणि त्यांतून खाली सुटलेल्या पट्ट्या बाळाचे दोन्ही पाय गुडघ्यात वाकवून, मांड्या फाकवून धरतात. डॉक्टर याला पाव्लिक हार्नेस म्हणतात, घरोघरी तो नुसता ‘पट्टा’ असतो. खुब्याच्या हाडाचा गोळा वाटीत नीट बसून राहिला, तर उथळ वाटी बाळाच्या वाढीबरोबर खोल होत जाते, हे त्यामागचं तत्त्व. त्यासाठी तो सहसा 6 ते 12 आठवडे, सुरुवातीला तर दिवसरात्र, अंगावर ठेवावा लागतो.

आणि नेमक्या याच आठवड्यांत घरात मालीश असतं, शेक-धुरी असते, पाहुण्यांची ये-जा असते आणि बारसं असतं. बाळाची आई आणि आत्या यांच्यातला पुढचा संवाद अशाच एका लांबलेल्या बारशावरून सुरू होतो. तो रचलेला आहे, पण त्यातले प्रश्न अशा घरांत खरोखर पडतात आणि त्यातली वैद्यकीय माहितीही खरी आहे.

मुलगी पहिलटकरणीची, पायाळू, आणि दोष डाव्या खुब्यात. अस्थिरोगतज्ज्ञाला यात नवल वाटणार नाही. हा दोष मुलांपेक्षा मुलींमध्ये कितीतरी जास्त आढळतो, पहिल्या आणि पायाळू बाळाला त्याचा धोका अधिक, आणि डावी बाजू जास्त वेळा सापडते. घरात आधी कुणाला असेल तर तेही विचारात घेतात. इथे तो आत्याला होता.

“ताई, बारशाला दोनच तास पट्टा काढला तर?” आईने विचारलं. “झबलं-टोपडं नीट बसेल. पाळण्यात छान दिसेल. लगेच परत घालू.”

“घालता येईल तुला?” पट्ट्यांवर डॉक्टरांनी पेनाने खुणा करून दिल्या होत्या, कुठली पट्टी कुठवर ओढायची याच्या. आत्याने त्यातल्या एकीवर बोट ठेवलं. “पुढची फार ओढली तर मांडीची नस दबते, बाळ पाय झाडायचंच थांबतं. मागची फार ताणली तर गोळ्याचा रक्तपुरवठा अडतो. म्हणून तर डॉक्टर म्हणाले ना, काढायचा आणि घालायचा तो दवाखान्यातच.”

“विचारते मी त्यांना. पण तिलाही जरा मोकळं वाटेल हो. पहिल्या रात्री किती रडली, मी पाहिलंय. आंघोळ नाही, नुसतं ओल्या फडक्याने पुसायचं. मानेखाली, गुडघ्यामागे, वळ्यावळ्यांत लाल होतं. मालीशवाल्या मावशींना नको म्हणावं लागलं. झोळीत घालायची सोय नाही, झोळीत गुडघे जवळ येतात. कुशीवर निजवायचं नाही. पाजतानाही काखेखालून धरायचं. आणि वर जो तो सांगतो, तिला काय आठवणार आहे!”

“नाहीच आठवणार,” आत्या म्हणाली. “मी तीन वर्षांची असताना मला कमरेपासून घोट्यापर्यंत प्लास्टर होतं. चालायला लागल्यावर दोष कळला, तोवर पट्ट्याचं वय उलटून गेलं होतं. मला त्यातलं काही आठवत नाही. पण आठवत नाही म्हणून ते झालंच नाही असं नाही ना? हिचं आजचं रडणं आजच मोजलं पाहिजे. उद्या ती नीट चालेल म्हणून ते खोडून टाकता येत नाही.”

आत्याचं हे बोलणं सहज बाजूला सारता येण्यासारखं नाही. मोठ्या माणसाच्या उपचारात त्रास सोसणारा, फायदा घेणारा आणि हो म्हणणारा एकच असतो. तान्ह्या बाळाला हो म्हणता येत नाही, आणि जिला फायदा होणार ती चाळिशीची बाई अजून व्हायची आहे. दोघींच्या वतीने ठरवायचं आईबापांनी. बाळाची समजूत घालता येत नाही, त्यामुळे निदान स्वतःशी तरी कारण स्वच्छ असावं लागतं.

आईचा पुढचा प्रश्न त्याहून अवघड होता. इंग्लंडमधल्या सॅल्फर्डचे थॉमस बार्लो यांनी 1962 मध्ये मांडलेले आकडे तिला डॉक्टरांकडून कळले होते. साधारण 60 नवजात बाळांत एकाचा खुबा सैल असतो. त्यातली 60 टक्क्यांहून जास्त बाळं पहिल्या आठवड्यात आपोआप बरी होतात आणि 88 टक्के दोन महिन्यांत.

“म्हणजे बहुतेक बाळांना पट्टा लागतच नाही,” ती म्हणाली. “हिचंही आपोआप झालं असतं तर?”

“म्हणून तर जन्मल्या जन्मल्या लावला नाही. वाट पाहिली. सहाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत वाटी उथळच दिसली.”

“तरीही आपोआप सुधारायची शक्यता उरतेच की.”

“उरते,” आत्याने लगेच मान्य केलं. “पट्ट्याने बरी झाली की झालीच असती, हे आपल्याला कधीही कळणार नाही. बिनपट्ट्याची हीच मुलगी शेजारी ठेवून बघता येत नाही. पण चूक दोन्हीकडे सारखी नाही. उगाच लावला तर काही आठवड्यांचा जाच, आणि डॉक्टरांची नजर असली तर थोडा धोका. लावायला हवा होता आणि लावला नाही, तर पुढे भूल, शस्त्रक्रिया, प्लास्टर.”

“तेच तर! आणि लंगडी राहिली तर...” आईने जीभ चावली.

“पुढचं बोल ना. माझ्यासारखी होईल, एवढंच.” आत्याचा आवाज चढला नव्हता. “मी शिकले, नोकरी केली, रोज एसटीने तालुक्याला गेले. बघायला आलेल्यांनी ‘जरा चालून दाखव’ म्हटलं, ते मला लागलं. चालीचं दुःख मी कधी केलं नाही.”

“मग तुम्हीच कशा पट्टा ठेव म्हणता?”

“कारण चाल वेगळी आणि झिजलेला सांधा वेगळा. चाळिशीतच माझा खुबा झिजला. खाली मांडी घालून बसता येत नाही, रात्री कूस बदलताना जाग येते. ते हिला नको. पण लोक काय म्हणतील म्हणून तू पट्टा लावणार असशील, तर त्याच लोकांसाठी तू तो बारशाला काढशील. लावायचं कारण आणि काढायचं कारण एकच निघेल बघ.”

आईला हे पटलं, पण पुरतं नाही. “बांधणं ते बांधणंच, ताई. कारण कितीही चांगलं असलं तरी.”

इथे मात्र पट्ट्याच्या बाजूने बोललं पाहिजे. पूर्वी व्हिएन्नाच्या अ‍ॅडॉल्फ लोरेन्झ यांच्या पद्धतीने खुबा हाताच्या जोराने बसवत आणि मांड्या पूर्ण फाकवून मुलाला कित्येक महिने प्लास्टरमध्ये ठेवत. खुबा बसायचा, पण अनेक मुलांच्या हाडाचा गोळा रक्ताअभावी निकामी व्हायचा. चेक डॉक्टर अर्नोल्ड पाव्लिक यांनी 1940 च्या दशकात याच्या उलट विचार केला. पाय जखडायचे नाहीत, फक्त ते सरळ होऊन जवळ येऊ द्यायचे नाहीत. मग बाळ लाथा झाडतं आणि त्या हालचालीनेच सांधा जागेवर येतो. पाळण्यात पडलेल्या या मुलीकडे पाहिलं तरी हे कळतं: गुडघे वाकलेले, पण पावलं सारखी चाललेली.

उलट, ज्याला आपण बांधणं म्हणत नाही ते कधी कधी जास्त घातक ठरतं. दोन्ही पाय सरळ जुळवून दुपट्यात आवळले की खुब्यावर ताण येतो. जपानमध्ये 1975 च्या सुमारास तान्ह्या बाळांचे पाय सरळ करून गुंडाळू नयेत, असा प्रचार झाला आणि निखळलेल्या खुब्यांचं प्रमाण कित्येक पटींनी घटलं. आपल्याकडे मूल मान धरू लागलं की कडेवर जातं, पाय दोन्हीकडे फाकवून. खुब्याला ते मानवतं.

“मालीशवाल्या मावशी पाय ओढून सरळ करतात,” आई म्हणाली.

“पट्टा सुटल्यावरही ते करू द्यायचं नाही. आधीच सांगून ठेव त्यांना.”

“आणि बारशाला आलेल्या बायकांना काय सांगू?”

“वाटी उथळ आहे, ती खोल होतेय.”

“‘पूर्ण बरी होईल ना?’ असं विचारलं तर?”

“बहुतेक बाळांचं पट्ट्याने भागतं. काहींचं नाही भागत. जे आहे ते सांग. तेवढा तो ‘लंगडी’ शब्द तुझ्या तोंडून तिच्यासमोर नको, भीती म्हणूनसुद्धा.”

“नाही येणार,” आई म्हणाली. “पण झबलं मी घालणार. पट्ट्याच्या वरून.”

“घाल की. मोठ्या मापाचं, खालून मोकळं. शिंप्याकडे आजच टाकू, बारशाला चारच दिवस राहिलेत.”