शेजारच्या खुर्चीवरचा माणूस

इस्लाममधील उत्तम गोष्ट कोणती, असे एका व्यक्तीने प्रेषित मुहम्मद (स.) यांना विचारले. उत्तरात प्रेषितांनी दोन गोष्टी सांगितल्या: लोकांना जेवू घालणे, आणि ओळखीच्या तसेच अनोळखी माणसाला सलाम करणे. ह. अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) यांनी कथन केलेली ही हदीस बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. तिच्या पहिल्या भागाचे पालन आपल्याकडे मनापासून होते. रमजानमध्ये इफ्तारीचे ताट वाटसरूपर्यंत पोहोचते. दुसऱ्या भागापाशी मात्र आपली जीभ अडखळते. ओळखीच्याला सलाम आपसूक होतो. अनोळखी दिसला की आपण आधी त्याला न्याहाळतो.

हा अनोळखी माणूस आपल्याला सर्वाधिक कोठे भेटतो? एस.टी.त, दवाखान्याच्या बाकावर आणि चहाच्या हॉटेलात. इराणहून आलेल्या झरतुष्ट्री आणि मुस्लिम कुटुंबांनी मुंबई-पुण्यात जी इराणी हॉटेले उभारली, त्यांतली काही आजही चालू आहेत. मुंबईच्या धोबी तलावाजवळचे कयानी १९०४ चे, तर पुण्याच्या डेक्कनवरील गुडलक १९३५ चे. गर्दीच्या वेळी एकाच टेबलाभोवती परस्परांना न ओळखणारी माणसे बसावीत, हा तेथील जुना रिवाज. समोरचा बन-मस्का खात असतो, आपण चहा पीत असतो. त्या माणसाचा आपल्यावर काही हक्क आहे काय, हा या लेखाचा प्रश्न आहे.

हा प्रश्न मुस्लिम समाजाला नवा नाही. येमेनचे सूफी रात्रीच्या जिक्रसाठी जाग राहावी म्हणून कॉफी पीत. तेथून ती मक्केत आली आणि तिच्याभोवती लोक जमू लागले. १५११ मध्ये मक्केचे मुहतसिब खैर बेग यांनी असा जमाव पाहिला, उलेमांची बैठक बोलावली आणि कॉफीवर बंदी घातली. पुढे काहिराहून जे फर्मान आले त्यात पेयावर सरसकट बंदी नव्हती. आक्षेप होता तो त्या बैठकांतील वर्तनावर. सोळाव्या शतकाच्या मध्यास इस्तंबूलमध्ये कॉफीगृहे निघाली, तेव्हा तेथेही हाच वाद झाला. १६३३ मध्ये सुलतान मुराद चौथा याने ती बंद करविली, तरी ती पुन्हा उघडली. कॉफी हलाल की हराम, हा प्रश्न कालांतराने मिटला. अनोळखी लोकांनी एकत्र बसून काय बोलावे, हा प्रश्न तसाच राहिला.

याचे उत्तर शोधताना ह. अबू सईद खुदरी (रजि.) यांनी सांगितलेली हदीस मार्गदर्शक ठरते. प्रेषितांनी सहाबांना रस्त्यावर बसण्यास मनाई केली. सहाबांनी आपली अडचण मांडली: आमच्या बसण्या-बोलण्याच्या जागा याच आहेत, त्यांवाचून गत्यंतर नाही. प्रेषितांनी ती अडचण ऐकून घेतली आणि फर्माविले की, बसायचेच असेल तर रस्त्याचा हक्क अदा करा. हा हक्क कोणता? नजर खाली ठेवणे, कोणाला त्रास न देणे, सलामाचे उत्तर देणे, भलाईचा आदेश देणे आणि वाईटापासून रोखणे.

यादीत नजर पहिली आहे, याकडे तरुणांनी विशेष लक्ष द्यावे. कुरआनानेही नजरेची आज्ञा आधी पुरुषांना दिली (२४:३०), मग स्त्रियांना (२४:३१). आई-बहिणीने मुलाला घेऊन हॉटेलात निर्धास्तपणे चहा प्यावा, शेजारच्या टेबलावरील बाईशी दोन शब्द बोलावेत, यासाठी आधी पुरुषांच्या नजरा शुद्ध हव्यात. परक्या स्त्री-पुरुषांच्या संभाषणाला शरीअतने मर्यादा घातल्या आहेत, त्या हॉटेलच्या दारात संपत नाहीत.

काही सज्जन म्हणतील की, श्रद्धावंतांनी व्यर्थ गोष्टींपासून दूर राहावे असे कुरआनात आहे (२३:३). मग परक्यांशी गप्पा कशाला? आक्षेप वजनदार आहे. तासन्‌तास चकाट्या पिटण्याला धर्मात आधार नाही. परंतु ह. अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) यांचा ‘मुअत्ता’तील प्रसंग पाहा. ते तुफैल बिन उबै यांना सोबत घेऊन बाजारात जात आणि भंगारवाला, दुकानदार, गरीब, जो भेटेल त्याला सलाम करीत. एकदा तुफैल यांनी विचारले की, आपण काही विकत घेत नाही, भाव करीत नाही, तेथील बैठकीतही बसत नाही. मग जायचे कशाला? येथेच बसून बोलू या. त्यावर त्यांनी सांगितले की, आपण जातो ते केवळ सलामासाठी. एवढ्या मोठ्या विद्वान सहाबीला भंगारवाल्याला सलाम करणे हे घराबाहेर पडण्यास पुरेसे कारण वाटले. दोन वाक्यांची विचारपूस व्यर्थ ठरत नाही. व्यर्थ ठरते ती तिच्या मागून येणारी कुचाळकी.

सूरह हुजुरातचा क्रमही चिंतनीय आहे. अकराव्या आयतीत श्रद्धावंतांना परस्परांची टिंगल करण्यास मनाई आहे. बारावीत संशय, हेरगिरी आणि पाठीमागची निंदा निषिद्ध केली आहे. त्यानंतर तेरावी आयत समस्त मानवांना उद्देशून सांगते की, तुमची राष्ट्रे व कबिले केले ते परस्परांची ओळख व्हावी म्हणून. ओळखीचे दार उघडण्याआधी उंबऱ्यावरचा हा कचरा झाडला पाहिजे, असा बोध या क्रमातून घेता येतो.

आपण मात्र ओळखीची सुरुवातच हेरगिरीने करतो. महाराष्ट्रात अनोळखी माणसाला पहिला प्रश्न असतो, ‘आडनाव काय?’ देशमुख, पाटील, इनामदार ही आडनावे मुसलमानांतही आहेत. अशा वेळी विचारणारा गोंधळतो आणि ‘म्हणजे नक्की कोण?’ असे खोदून विचारतो. त्या प्रश्नाने आपल्याला टोचते. पण आपण स्वतः काय करतो? समोरच्याची दाढी, टोपी आणि पायजम्याची लांबी पाहून त्याचा मसलक ताडतो आणि मगच सलाम करायचा की नाही ते ठरवतो. सलाम फक्त ओळखीच्यांपुरता उरणे ही कयामतची एक निशाणी असल्याचे ‘मुस्नद अहमद’मध्ये आले आहे. दुसऱ्याने आपल्याला कप्प्यात टाकू नये, अशी इच्छा असणाऱ्याने आपले कप्पेही मोडले पाहिजेत.

माणसाचा वापर करण्यासाठी बोलणे हाही एक दोष आहे. व्यापारी गिऱ्हाईक शोधतो, आणि कधी कधी धर्माची कळकळ असलेला माणूसही समोरच्याकडे सावज म्हणून पाहू लागतो. दावत हे कर्तव्य आहेच. परंतु समोरच्याचे ऐकून न घेता केलेली दावत त्याच्या मनापर्यंत पोहोचत नाही. सूरह निसाच्या छत्तिसाव्या आयतीत आई-वडील, नातलग, अनाथ व गरजू यांच्यासोबत अनोळखी शेजारी आणि ‘साहिब बिल-जंब’, म्हणजे बाजूचा सोबती, यांच्याशीही चांगले वागण्याची आज्ञा आहे. या शब्दांत प्रवासातील सहप्रवासी आणि बैठकीत शेजारी बसलेला माणूसही येतो, असे काही भाष्यकारांनी म्हटले आहे. त्याच्या धर्माची अट तेथे नाही. लोकांशी चांगले बोला, ही आज्ञाही (२:८३) ‘लोकांशी’ अशीच आहे.

शेवटचा हक्क अमानतीचा. घरी जे बोलवत नाही ते माणूस कधी कधी परक्यापाशी बोलून जातो: मुलाची नोकरी गेली, कर्ज फिटत नाही, बहीण माहेरी परतली आहे. बोलताना एखाद्याने इकडेतिकडे पाहिले तर ते बोलणे अमानत समजावे, असा हदीसचा आशय तिर्मिजी व अबू दाऊद यांत आहे. आज प्रत्येकाच्या खिशात मोबाइल असताना या हदीसची गरज वाढली आहे. हॉटेलातल्या माणसाचा चोरून काढलेला फोटो, त्याच्या दुःखाची व्हॉट्सॲपवर पाठवलेली कहाणी, ही अमानतीतील खयानत होय. त्याचे नाव आपल्याला ठाऊक नव्हते, ही सबब अल्लाहसमोर चालणार नाही.

म्हणून मुलांना ‘परक्याशी बोलू नको’ एवढेच शिकवून थांबू नये. लहानग्यांना सावधगिरी शिकवावीच. पण जाणत्या मुलाला सोबत घेऊन हॉटेलात बसावे आणि समोर येणाऱ्यासाठी आपण जागा कशी करतो, हे त्याला पाहू द्यावे. बैठकीत जागा करून देणाऱ्यासाठी अल्लाह जागा करून देईल, असे वचन आहे (५८:११). चहा संपतो, बिल दिले जाते, माणसे आपापल्या वाटेने जातात आणि बहुधा पुन्हा भेटत नाहीत. त्या थोड्या वेळात त्याचा जो हक्क होता तो अदा करण्याची तौफीक अल्लाह आपणा सर्वांना देवो. आमीन.