सत्काराचे बंधन

अतिथीला देव मानावे, ही शिकवण आपल्या घराघरांत इतकी मुरलेली आहे की, यजमानाने अतिथीशी कसे वागावे हे सांगण्याची आवश्यकता सहसा पडत नाही. परंतु अतिथीने कोणाचा सत्कार स्वीकारावा व कोणाचा स्वीकारू नये, याचा विचार मात्र क्वचितच केला जातो. देणाऱ्याची आपण परीक्षा करतो. घेणाऱ्याला भाग्यवान समजून मोकळे होतो. शास्त्रकारांची दृष्टी अशी एकांगी नव्हती. दान देण्याविषयी जितके नियम त्यांनी सांगितले, तितकीच सावधगिरी दान घेण्याविषयीही सांगितली. मनूने आपल्या ग्रंथाच्या चौथ्या अध्यायात, ज्याला प्रतिग्रहाचा अधिकार आहे अशा ब्राह्मणानेही त्याचे प्रसंग शक्यतो टाळावेत, कारण प्रतिग्रहाने अंगचे तेज लवकर मावळते, असा इशारा देऊन ठेवला आहे.

हा विषय आज उपस्थित होण्याचे कारण असे. जबलपूरच्या गोरखपूर भागात, जेथे प्रस्तुत लेखकाचे वास्तव्य आहे, तेथील एका सद्गृहस्थांनी एक प्रश्न विचारला. हे गृहस्थ एका कारखान्याच्या खरेदी विभागात अधिकारावर आहेत. कारखान्याला माल पुरविणाऱ्या एका व्यापारी संस्थेने त्यांना सपत्नीक मुंबईस निमंत्रित केले होते. एप्रिल महिन्यातील शनिवार-रविवार. जाण्यायेण्याची तिकिटे, उत्तम हॉटेलात निवास, आणि महालक्ष्मीच्या मैदानावर घोड्यांच्या शर्यती पाहण्यासाठी राखीव कक्षात आसने, पंखे, शीतपेये, पक्वान्नांचे भोजन, असा सर्व बेत. अशा एकत्र बांधलेल्या सत्काराला अलीकडे ‘हॉस्पिटॅलिटी पॅकेज’ म्हणतात. त्या गृहस्थांचे म्हणणे असे होते : “मी पण लावणार नाही, मद्याला स्पर्श करणार नाही. घोडे पाहीन, जेवेन, दुसऱ्या दिवशी महालक्ष्मीचे दर्शन घेऊन परत येईन. यात दोष तो कोणता?”

प्रश्न प्रामाणिक आहे. यास्तव ‘शर्यत म्हणजे पाप’ असे एका वाक्यात उत्तर देऊन तो झटकून टाकणे योग्य होणार नाही. त्यातील एकेक धागा वेगळा करून पाहिला पाहिजे.

प्रथम घोड्याविषयी. वेगाने धावणारा सुलक्षणी घोडा पाहून आनंद होणे यात काहीही अनुचित नाही. विभूतियोगात भगवंतांनी घोड्यांमध्ये आपण उच्चैःश्रवा आहोत असे सांगितले आहे. पांडवांपैकी नकुल अश्वविद्येत निपुण होता, आणि शालिहोत्राच्या नावावर अश्वचिकित्सेचे एक संपूर्ण शास्त्र आपल्याकडे प्रसिद्ध आहे. बल, वेग आणि शिस्त यांचा संगम जेथे दिसतो तेथे मन प्रसन्न होते. ती प्रसन्नता शुद्ध आहे.

परंतु पणाचा प्रवेश झाला की दृष्टी पालटते. याचे मार्मिक उदाहरण महाभारताच्या आदिपर्वातच आहे. कद्रू आणि विनता या दोघी बहिणींनी उच्चैःश्रव्याला पाहिले आणि त्याच्या वर्णावरून पैज लावली. विनता म्हणाली की तो सर्वांगी शुभ्र आहे. कद्रू म्हणाली की त्याचे शेपूट काळे आहे. जी हरेल तिने दासी व्हावे, असे ठरले. पैज जिंकण्यासाठी कद्रूने आपल्या सर्पपुत्रांना त्या शेपटीला चिकटून राहण्याची आज्ञा केली, आणि विनता दासी झाली. समुद्रमंथनातून निघालेले ते दिव्य रत्न डोळ्यांसमोर उभे होते. पण पण लागताच दोघींनाही घोडा दिसेनासा झाला, केवळ शेपूट दिसू लागले. शर्यतीच्या मैदानावर आजही हेच घडते. ज्याने पैसा लावला तो घोड्याला पाहत नाही. तो आपल्या तिकिटाला पाहत असतो.

येथे कोणी म्हणेल, ‘राज्याच्या कायद्याने तर शर्यतीला मान्यता आहे.’ ते खरे आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९९६ मध्ये तामिळनाडूतील एका प्रकरणात असा निर्णय दिला की, घोड्यांची शर्यत मुख्यतः कौशल्यावर अवलंबून असते, सबब ती निव्वळ जुगार नव्हे. आपल्या प्राचीन ग्रंथांतही या बाबतीत मतभेद आहेत. निर्जीव वस्तूंनी खेळतात ते द्यूत आणि सजीव प्राण्यांना पुढे करून खेळतात तो ‘समाह्वय’, असा भेद मनूने केला व राजाने दोन्ही बंद करावीत असे सांगितले. कौटिल्याने मात्र हे व्यवहार एका अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली एके ठिकाणी चालवावेत आणि जिंकलेल्या द्रव्यातून शेकडा ५ भाग घ्यावा, अशी व्यवस्था लावली. आजच्या राज्यानेही कौटिल्याचाच मार्ग धरला आहे. त्याचा वाटा मात्र पुष्कळ मोठा आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून पणाच्या पूर्ण रकमेवर २८ टक्के कर आला आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. कायदा व धर्म यांची क्षेत्रे काही ठिकाणी एक होतात, काही ठिकाणी वेगळी राहतात. दंड होणार नाही एवढीच हमी कायदा देतो. चित्त निर्मळ राहील ही हमी त्याला देता येत नाही.

आता त्या गृहस्थांच्या मुख्य मुद्द्याकडे वळू. ते स्वतः पण लावणार नाहीत. मग उरले काय? उरला तो सत्कार. आणि आपल्या प्रश्नाचे मर्म तेथेच आहे.

महालक्ष्मीचे मैदान १८८३ सालापासून शर्यतींसाठी वापरात आहे. तेथील सर्वांत प्रतिष्ठेची शर्यत म्हणजे इंडियन डर्बी. ती १९४३ साली प्रथम झाली आणि ‘प्रिन्सेस ब्युटिफुल’ या घोडीने जिंकली. या शर्यतीचे अंतर २,४०० मीटर. ते कापण्यास घोड्यांना सुमारे अडीच मिनिटे लागतात. दुपारभरात अशा कितीही शर्यती झाल्या तरी घोडे प्रत्यक्ष धावतात तो काळ थोड्या मिनिटांचाच भरतो. मग निमंत्रिताला दोन दिवस ठेवून घेण्याचे प्रयोजन काय? अर्थात शर्यतींच्या मधला जो वेळ आहे, तोच यजमानाने विकत घेतलेला असतो. त्या वेळात ओळख वाढते, हास्यविनोद होतो, एकमेकांच्या मुलाबाळांची चौकशी होते. मालाची गोष्टही निघत नाही, कारण ती काढण्याची आवश्यकताच नसते. घोडा हे निमित्त आहे. धावावयाचे आहे ते दुसऱ्याच कोणाला तरी, आणि तेही पुढे कधीतरी.

उद्योगपर्वाच्या आरंभी मद्रदेशाचा राजा शल्य याची कथा आली आहे. ती प्रत्येक अधिकाऱ्याने मनन करण्यासारखी आहे. शल्य हा नकुल-सहदेवांचा सख्खा मामा. पांडवांना साहाय्य करण्याच्या हेतूने तो मोठे सैन्य घेऊन निघाला. ही वार्ता दुर्योधनाला कळताच त्याने वाटेवर ठिकठिकाणी सुंदर मंडप उभारले. अन्न, पेये, जलाशय, माळा, सेवक, कशाचीही उणीव ठेवली नाही. शल्य संतुष्ट झाला. युधिष्ठिराच्याच माणसांनी ही व्यवस्था केली असावी असे समजून, ज्यांनी हे मंडप उभारले त्यांना माझ्यापुढे आणा, मला त्यांना पारितोषिक द्यावयाचे आहे, असे तो म्हणाला. तेव्हा आतापर्यंत गुप्त राहिलेला दुर्योधन पुढे आला. शल्याने त्याला आलिंगन देऊन इच्छा विचारली, आणि दुर्योधनाने त्याला आपल्या सेनेचा नेता होण्याची विनंती केली. शल्याने ती मान्य केली.

या कथेत शल्य दुष्ट नाही. तो लोभीही नाही. तो राजा होता, मंडप व पक्वान्ने त्याच्या घरी विपुल होती. दुर्योधनाने त्याला लाच दिली असेही म्हणता येत नाही, कारण सत्कार करताना त्याने काहीच मागितले नव्हते. आणि हेच समजून घ्यावयाचे आहे. सत्कार स्वीकारणे म्हणजे अक्षरे न लिहिलेल्या कागदावर स्वाक्षरी करणे होय. मजकूर पुढे यजमान लिहितो. कृतज्ञ मनुष्य ती स्वाक्षरी नाकारू शकत नाही. किंबहुना तो जितका सज्जन, तितका अधिक बांधला जातो. कृतघ्नाला सत्काराने बांधता येत नाही, सज्जनाला येते.

पुढे काय झाले तेही पाहावे. शल्याने युधिष्ठिराला भेटून घडलेले सर्व सांगितले. आणि कर्णाचे सारथ्य करण्याचा प्रसंग आल्यास त्याचा तेजोभंग करण्याचे आश्वासनही दिले. कर्णपर्वात खरोखरच घोड्यांचे लगाम त्याच्या हाती आले. हात कर्णाच्या रथावर आणि हृदय पांडवांकडे, अशा स्थितीत तो रणात उभा राहिला. आणि अखेर ज्याच्या साहाय्यास निघाला होता त्या युधिष्ठिराच्याच हातून त्याचा अंत झाला. एका संतुष्ट क्षणाने तो असा दोन्हीकडून तुटला. सत्काराच्या बंधनाचे खरे नुकसान हेच आहे. खरेदी विभागातील आपल्या त्या गृहस्थांनी उद्या दोन पुरवठादारांची दरपत्रके समोर ठेवली, तर ते कदाचित संपूर्ण न्यायाने निर्णय देतील. परंतु यजमानाचे दरपत्रक स्वीकारले तर ‘मी मिंधा तर झालो नाही?’ ही शंका त्यांना छळील, आणि नाकारले तर ‘मी उपकार विसरलो काय?’ ही टोचणी लागेल. जे मन एकसंध होते ते दुभंगले. निर्णय बरोबर येऊनही समाधान गेले.

याउलट दुसरे चित्र त्याच पर्वात आहे. संधीसाठी हस्तिनापुरास गेलेल्या श्रीकृष्णांना दुर्योधनाने भोजनाचे निमंत्रण दिले. भगवंतांनी ते स्वीकारले नाही. दूताने कार्य सिद्ध झाल्यावरच सत्कार घ्यावयाचा असतो, असे त्यांनी प्रथम सांगितले. दुर्योधनाने आग्रह धरला तेव्हा ते स्पष्ट बोलले : दुसऱ्याचे अन्न प्रेमापोटी घ्यावे अथवा संकटात सापडल्यावर घ्यावे, तुझ्या ठिकाणी प्रेम नाही आणि मी संकटात नाही. त्या दिवशी ते विदुराच्या घरी जेवले. या उत्तरात कठोरपणा आहे, परंतु अपमान नाही. सत्कारामागील भाव ओळखून दिलेले ते सरळ उत्तर आहे.

आपणांत काही विचारी मंडळी म्हणतात, ‘मनाने अलिप्त राहिले म्हणजे झाले, कमलपत्रावर पाणी ठरत नाही.’ गीतेचा हा दृष्टान्त फार वेळा चुकीच्या ठिकाणी वापरला जातो. कमळ चिखलात उगवते, कारण तेथे उगवणे त्याला प्राप्तच आहे. ते निमंत्रणपत्र घेऊन चिखलात जात नाही. कर्तव्य म्हणून जे करावे लागते त्यात अलिप्तता हे साधन आहे. जे टाळता येण्यासारखे आहे ते केवळ सुखासाठी स्वीकारून मागाहून अलिप्ततेचे नाव घेणे ही आत्मवंचना होय. देवीच्या दर्शनाचेही तसेच. महालक्ष्मीचे दर्शन अवश्य घ्यावे. पण त्यासाठी स्वतःच्या पैशाने तिकीट काढून जाण्यात जो भाव आहे, तो दुसऱ्याच्या हिशेबात बसवलेल्या दर्शनात कोठून येणार?

मग गृहस्थाश्रमी मनुष्याने निर्णय कसा करावा? सतराव्या अध्यायातील दानाचे विवेचन येथे दिवा दाखविते. ज्याच्याकडून परतफेड होणार नाही त्याला कर्तव्य म्हणून दिलेले दान सात्त्विक. प्रत्युपकाराची अपेक्षा धरून दिलेले ते राजस. हा भेद देणाऱ्यासाठी सांगितला असला तरी घेणाऱ्यानेही तो उलट बाजूने वापरावा. निमंत्रण हाती आले की स्वतःस विचारावे : मी उद्या या पदावर नसलो तर हे निमंत्रण येईल काय? माझ्या ऐपतीप्रमाणे मी या यजमानाला आपल्या घरी बोलावून पिठलेभाकरी वाढू शकेन, आणि तो येईल काय? या सत्काराची हकीगत मी वरिष्ठांना, सहकाऱ्यांना व आपल्या मुलांना जशीच्या तशी सांगू शकेन काय? तिन्ही उत्तरे ‘होय’ असतील तर तो स्नेह आहे, आनंदाने जावे. एक जरी उत्तर अडखळले, तरी तो शल्याचा मंडप आहे असे समजावे.

स्वतःच्या कष्टाच्या पैशाने असा कक्ष विकत घेणाऱ्याची गोष्ट वेगळी. तो कोणाचा मिंधा होत नाही. तो गिऱ्हाईक असतो, आणि त्याला मिळते ती सेवा. तिला सत्कार समजून त्याने फुगून जाऊ नये इतकेच. आरंभी अमृतासारखे व परिणामी विषासारखे जे सुख, ते राजस होय, हा गीतेचा निकष लावून आपल्या खर्चाचा व सुखाचा हिशेब त्याने स्वतःच करावा. ज्याला खरोखर घोडेच पाहावयाचे आहेत, त्याला साध्या तिकिटाने साध्या जागेवर बसूनही ते तितकेच सुंदर दिसतात.

निमंत्रण नाकारताना उपदेश करण्याची आवश्यकता नाही, आणि खोटे निमित्तही सांगू नये. आपण आठवण ठेवलीत याचा आनंद झाला. आपला आणि माझा कामाचा संबंध आहे तोवर मला असा सत्कार घेता येत नाही. एवढे नम्र शब्द पुरेसे आहेत. यजमान सुज्ञ असेल तर त्याचा आदर वाढेल. तो रागावला, तर सत्कार कशासाठी होता हे आपोआप सिद्ध होईल. घरातील मंडळींची थोडी निराशा होईल, हे खरे. त्यांना कारण समजावून सांगावे. मुंबईची दोन दिवसांची मौज मुले पुढे विसरून जातील. आपल्या वडिलांनी ती का नाकारली, हे सहसा विसरणार नाहीत.

वाटेवरचे मंडप आजही उभे आहेत आणि पुढेही राहतील. ते पाहून यजमानाविषयी मनात द्वेष आणू नये. आपण कोणाच्या साहाय्यास निघालो आहोत, एवढेच स्मरण ठेवावे. ते स्मरण जागे असले म्हणजे मंडपातील गार सावली सोडून उन्हात पुढे चालण्याचे बळ भगवंत देतोच.