गाडीचा रंग

शुभकार्याचा आरंभ गणेशपूजनाने करावा, तसा छायाचित्र-दुरुस्तीच्या विद्येचा आरंभ मोटारगाडीच्या चित्रापासून करावा, असे ही विद्या शिकविणारे सांगतात. त्यात युक्ती आहे. माणसाच्या चेहऱ्यात केसभर चूक झाली तरी पाहणाऱ्याला खुपते. गाडीचा पत्रा मात्र सलग, कडा रेखीव, आणि रंग बदलला तरी गाडी ती गाडीच राहते. निदान आरंभी आम्हांस तसे वाटले होते.

उतारवयात आम्ही ही विद्या हाती घेतली. गिम्प नावाची एक आज्ञावली फुकट मिळते, तिच्यावर हात बसविला. थोरली बहीण अर्थात फोटोशॉप. थॉमस आणि जॉन नॉल या दोन अमेरिकन भावांची ती निर्मिती १९९० मध्ये बाजारात आली आणि १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत तिने थरांची सोय आणली. थर म्हणजे मूळ चित्रावर अंथरलेली पारदर्शक कापडेच म्हणाना. रंगकाम वरच्या कापडावर करावे, खालचे चित्र अस्पर्श राहते. कापड उचलले की मूळ पुन्हा दिसते. पश्चात्तापाची इतकी चोख व्यवस्था आम्ही अन्य कोणत्याही शास्त्रात पाहिली नाही.

तालमीला चित्र घरचेच होते. नार्वे येथील आमच्या जुन्या घराच्या अंगणात उभी असलेली काकांची अँबेसिडर, आणि तिच्या बॉनेटवर हात टेकून उभे असलेले काका. अंग काळे, माथा पिवळा. म्हणजे काका ती भाड्याने चालवीत. दिवाडीहून फेरीबोटीने धक्क्यावर उतरणारे उतारू डिचोलीला पोहोचवावेत, शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराची खेप करावी, आणि अपरात्री कोणा अडलेल्या बाईला इस्पितळात न्यावे, असा त्यांचा दिनक्रम. चित्र १९८० नंतरच्या दशकातले. पाटीवर गोवा-दमण-दीवच्या काळातील ‘जी. डी.’ने सुरू होणारा क्रमांक आहे. चाकांच्या वर खाणीच्या तांबड्या धुळीचा पट्टा आहे; डिचोलीच्या रस्त्यांवर फिरणारी कोणतीही गाडी त्या काळी धुळीवाचून नसे. चित्र काढले आमच्या वडिलांनी. घरातला कॅमेरा त्यांच्याच हाती असल्यामुळे त्यांची स्वतःची छायाचित्रे मात्र बोटांवर मोजण्याइतकीच आहेत.

आमच्या चुलत बंधूंनी नवे घर बांधले. दिवाणखान्यात वडिलांची मोठी तसबीर लावावयाची, ती याच चित्राची, असे त्यांनी ठरविले आणि आमची नवी विद्या कानी असल्याने काम आम्हांकडे आले. अट एकच: गाडी पांढरी हवी. “टॅक्सी नको दिसायला,” एवढेच ते म्हणाले. आम्हीही होय म्हटले. उमेदवाराला काम मिळण्याचा आनंद मोठा असतो.

पिवळा माथा पांढरा करणे सोपे गेले. पिवळा तेवढा निवडावा, त्यातली रंगछटा काढून घ्यावी, थोडे उजळावे; सावल्या जागच्या जागी राहतात. क्रमांकाच्या पाटीपाशी हात थबकला. त्या काळी खासगी गाडीची पाटी काळी आणि अक्षरे पांढरी असत. भाड्याच्या गाडीची पाटी पांढरी आणि अक्षरे काळी. तेव्हा पाटी उलटी करणे आले. रस्त्यावर हे केले असते तर दंड झाला असता, हा विचार मनात येऊन गेला. तरी आम्ही ती उलटी केली.

काळ्याचे पांढरे करणे मात्र भलतेच कठीण. काळ्या भागात छायाचित्राने प्रकाश फारसा साठविलेलाच नसतो. तो उजळू लागले की पांढरा रंग येत नाही, राखाडी रवाळ पीठ हाती येते. सुदैवाने मूळ निगेटिव्ह सापडली होती. तिच्यावरून केलेली प्रत आम्ही पायरीपायरीने उजळीत गेलो, तो मागच्या दरवाजाच्या पत्र्यात काहीतरी उभे राहिलेले दिसले. चकाकता काळा पत्रा म्हणजे आरसाच. त्यात आधी माडांच्या झावळ्या दिसल्या, मग तुळशीवृंदावन, आणि वृंदावनाच्या बाजूला, पत्र्याच्या बाकामुळे लांबट झालेला, कॅमेरा डोळ्याशी धरलेला एक धोतरातला माणूस. आमचे वडील. इतकी वर्षे ते चित्र आमच्या घरात होते आणि ते त्यात होते हे आम्हांस ठाऊक नव्हते.

पांढऱ्या पत्र्यात प्रतिबिंब असे पडत नाही. गाडी पांढरी करावयाची तर त्या दरवाजावर रंग चढवावाच लागणार. तो आम्ही वरच्या थरात चढविला. वडील खालच्या थरात सुखरूप आहेत अशी स्वतःची समजूत घातली. पण कागदाला थर नसतात. छापताना सारे एकात एक दाबले जाते, आणि भिंतीवर कागद लागतो.

येथून आमच्या मनात वाद सुरू झाला. छायाचित्र सुधारणे हे काही संगणकाने आणलेले पाप नव्हे. जुन्या स्टुडिओंत निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून सुरकुत्या घालवीत, कृष्णधवल चित्रावर हाताने रंग भरीत. जत्रेतल्या फोटोवाल्याकडे पुठ्ठ्याच्या विमानात बसून आमच्याच पिढीने हौस भागविली आहे. पण पुठ्ठ्याचे विमान ‘मी पुठ्ठा आहे’ असे सांगत असे. त्याने कोणी फसले नाही. याउलट ‘नॅशनल जिऑग्राफिक’ने फेब्रुवारी १९८२ च्या मुखपृष्ठावर गिझाचे पिरॅमिड उभ्या चौकटीत बसावेत म्हणून एकमेकांजवळ सरकविले, तेव्हा रंगाचा एक ठिपकाही खोटा नव्हता, तरी गहजब झाला, कारण पाहणाऱ्यास ते कळण्याचा मार्ग नव्हता. आता तर एक वाक्य लिहिले की यंत्र गाडी, घर, माणूस सारेच नवे करून देते. आमच्यासारख्याने दरवाजाच्या कडा गिरवीत बसण्याचेही कारण उरले नाही.

नार्व्यात राहणाऱ्याला जीर्णोद्धाराचा विचार श्रीसप्तकोटेश्वराला सोडून करता येत नाही. कदंबांच्या या कुलदैवताचे दिवाडी बेटावरील देवालय सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी पाडले. लिंग नदीपार नार्व्यात आले. शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये देवालय बांधविण्याची आज्ञा केली. हे देवालय जुन्याची नक्कल नाही आणि तसा आवही आणीत नाही. दारावर लेख आहे: शके १५९०, मास, तिथी, आणि कोणाच्या आज्ञेने कामास आरंभ झाला ते. अलीकडे त्याची पुन्हा डागडुजी होऊन फेब्रुवारी २०२३ मध्ये ते खुले झाले. आत जाणारा प्रत्येक जण त्या लेखाखालून जातो. बदल केला, पण बदल केल्याचे दारावर लिहून ठेवले, हा फरक आम्हांस मोठा वाटतो. आमच्या पांढऱ्या गाडीवर असा लेख कोठे होता?

आणि खोटेपणा रंगापुरता तरी होता काय? आम्हां जुन्या घराण्यांची एक खोड वाचकांस ठाऊकच आहे. वंशावळीत सनदा, वतने आणि मानपान ठळक अक्षरांत; ज्याने भात विकून, शिकवण्या करून किंवा गाडी हाकून पडत्या काळात घर तगविले, त्याचे नुसते नाव. काकांच्या टॅक्सीच्या उत्पन्नावर दोन घरांतील मुले शिकली; त्यांत आम्हीही एक. तिचा पिवळा माथा पुसताना आमचा हात एकदाही थरथरला नाही, आणि दरवाजातले वडील पुसताना मात्र थरथरला, हे कबूल करताना संकोच होतो. बंधूंना दोष देण्याचा अधिकार आम्हांस नव्हताच.

शेवटी दोन्ही प्रती छापून घेतल्या आणि काकींकडे गेलो. काकी काळी गाडीच निवडतील अशी आमची मनोमन खात्री होती. त्यांनी चष्मा लावून दोन्ही चित्रे बराच वेळ पाहिली. मग पांढऱ्या गाडीवर बोट ठेवले.

“ही लाव,” त्या म्हणाल्या. “त्यांना पांढरीच घ्यायची होती. भाड्याची नव्हे, घरची. पैसेही साठवले होते. ते याच्या कॉलेजला गेले.”

आम्ही दरवाजातले प्रतिबिंब दाखविले. त्या हसल्या. “दिसतायत खरे भावोजी. पण तसबीर यांची आहे, त्यांची नव्हे.”

याला आमच्यापाशी उत्तर नव्हते. गाडी कशी होती याची आम्ही चिंता करीत होतो. एका माणसाने कशाची इच्छा सोडून दिली, हे काकींना त्या पांढऱ्या रंगात दिसत होते. मात्र पंचवीस वर्षांनी तसबिरीखाली उभा राहणारा नातू हे दोन्ही पाहणार नाही. त्याला आजोबांची पांढरी गाडी दिसेल, आणि आजोबा सुखवस्तू होते असे तो सांगत सुटेल. म्हणून आम्ही म्हटले, निदान चौकटीच्या मागे खरे काय ते लिहून ठेवतो.

“लिही ना,” काकी म्हणाल्या. “भिंतीकडेच तोंड राहणार त्याचे.”

आम्ही लिहिले: गाडी मुळात काळी-पिवळी, भाड्याची, कोणाच्या सांगण्यावरून, कोणी, कोणत्या तिथीस पांढरी केली ते. चुलत बंधूंनी ते वाचले आणि काही न बोलता तसबीर खिळ्याला लावली. काळ्या गाडीची प्रत काकींनी मागून घेतली. ती हल्ली त्यांच्या कपाटात, गाडीच्या जुन्या परवान्याच्या कागदांत आहे.