खिसा आणि शीव : पिकाचूच्या निमित्ताने

प्राण्यावरील प्रेम आणि त्याच प्राण्यावरील सत्ता या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या काढता येतात काय, हा नीतिमीमांसेतील जुना प्रश्न आहे. येथे तो अशा एका प्राण्याच्या निमित्ताने उपस्थित करावयाचा आहे, जो कोणत्याही रानात कधी जन्मला नाही आणि तरीही चाळीसगावच्या शाळकरी मुलांच्या दप्तरांवर व डब्यांवर सहज आढळतो. पिकाचू हे त्याचे नाव. पिवळा रंग, लाल गाल, विजेच्या रेघेसारखी शेपटी. गंभीर समीक्षेने असल्या विषयाला हात घालावा काय, अशी शंका काही वाचकांना येईल. पंचतंत्रातील करटक-दमनकांवर लिहिणे ज्यांना प्रतिष्ठित वाटते त्यांनी ती घेऊ नये. एका पिढीने आपले प्राणिविश्व कोठून उचलले, हे पाहणे संस्कृतिसमीक्षेच्या कक्षेबाहेरचे ठरत नाही.

या प्राण्याचे मूळ जपानमध्ये आहे. सातोशी ताजिरी (जन्म १९६५) यांना बालपणी किडे गोळा करण्याचा नाद होता. टोकियोभोवतीची शेते आणि डबकी वाढत्या शहराने गिळली, मुलांना किडे मिळेनासे झाले, आणि तो हरवलेला आनंद ताजिरींनी खेळाच्या रूपाने परत देऊ केला. २७ फेब्रुवारी १९९६ रोजी जपानमध्ये हा खेळ बाजारात आला. ‘पॉकेट मॉन्स्टर्स’, म्हणजे खिशातले राक्षस, हे त्याचे नाव; ‘पोकेमॉन’ हा त्याचाच संक्षेप. आरंभी १५१ जातींचे काल्पनिक प्राणी होते, आज ती संख्या हजारापलीकडे गेली आहे. पिकाचू हा त्यांतील यादीतला पंचविसावा. आत्सुको निशिदा या चित्रकर्तीने तो रेखाटला. एप्रिल १९९७ मध्ये दूरचित्रवाणीवर मालिका सुरू झाली आणि या पंचविसाव्या प्राण्याने उरलेल्या सर्वांना मागे टाकले. भारतात ती २००३ पासून हिंदीत दिसू लागली, आणि खानदेशातली मुले हिंदीतून या जपानी प्राण्याशी बोलू लागली.

ताजिरींचा तो नाद आपल्याकडील वाचकाला परका वाटणार नाही. चतुराच्या शेपटीला दोरा बांधणे आणि काडेपेटीत सोनकिडा ठेवणे हे मराठी बालपणाचे ओळखीचे प्रकार आहेत. काडेपेटी खिशात मावते. खिशातला राक्षस आपल्याकडेही होता, असे म्हणता येईल. परंतु फरक मोठा आहे. काडेपेटीतला किडा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मेलेला आढळे. पेटी उघडण्याचा तो क्षण मुलाला काहीतरी सांगून जाई, आणि ते सांगणे कोणत्याही सुभाषिताहून खोलवर पोहोचे. या खेळात मात्र प्राणी मरत नाही. लढाईत हरला तर तो मूर्च्छित होतो, उपचारकेंद्रात नेला की पुन्हा ताजातवाना होतो. काडेपेटी आहे, पण तिच्यातला मृत्यू काढून घेतला आहे.

आता खेळाचे व्याकरण पाहावे. रानातला प्राणी समोर आला की आपल्या प्राण्याकरवी त्याच्याशी झुंज द्यावयाची, त्याला थकवावयाचे, आणि तो दुबळा झाला की त्याच्यावर एक चेंडू फेकावयाचा. प्राणी चेंडूत शिरतो, चेंडू खिशात जातो. जितका दुबळा, तितका पकडण्यास सोपा. पकडल्यानंतर त्याच प्राण्याशी मैत्री सुरू होते. थकवणे ही मैत्रीची पूर्वअट ठरावी, यात काही विसंगती आहे असे खेळाला वाटत नाही आणि खेळणाऱ्यालाही वाटत नाही. सगळे पकडले पाहिजेत, ही या खेळाची पाश्चात्त्य जगातील घोषणा होती. तिच्यातला ‘सगळे’ हा शब्द महत्त्वाचा आहे. यादी पूर्ण करणे हेच येथे जगाला जाणून घेण्याचे रूप होऊन बसते.

पिकाचूचे वेगळेपण येथे सुरू होते. मालिकेच्या पहिल्याच भागात तो चेंडूत शिरण्यास नकार देतो. ज्या मुलाच्या वाट्याला तो आला आहे त्याला विजेचे झटके देतो, दोर बांधून ओढून न्यावा लागतो. पुढे पक्ष्यांचा थवा तुटून पडतो, मुलगा त्याला स्वतःच्या देहाने झाकतो, आणि मग त्या दोघांत जे जुळते ते चेंडूवाचून जुळते. तेव्हापासून पिकाचू खांद्यावर बसून हिंडतो. रूप बदलून अधिक बलवान होण्याची संधी येते, तीही तो नाकारतो. मुलांचे त्याच्यावर प्रेम जडले ते केवळ गोजिरवाणेपणामुळे, असे मानणे उथळपणाचे होईल. गोजिरवाणे तर इतरही आहेत. आपण त्याच्यावर प्रेम करतो कारण तो आपला असूनही आपल्या खिशात नाही.

परंतु ज्या हाताने पिकाचूला खांद्यावर घेतले, तोच हात इतर सर्वांना चेंडूत ठेवतो. एकाचा नकार मान्य झाला, म्हणून बाकीच्यांना विचारण्याची गरज उरली नाही. पिकाचू हा नियमाला दिलेला धक्का आहे असे वरवर दिसते. वास्तविक तो नियमाचे समर्थन करणारा अपवाद आहे. या खेळावर नेहमी घेतला जाणारा आक्षेप असा, की मुले त्यामुळे क्रूर होतील. त्याच्या मागे, कळत-नकळत, कांटचा युक्तिवाद असतो : प्राण्याशी क्रूरपणे वागणारा माणसांशीही तसाच वागू लागतो. मला हा आक्षेप चुकीच्या जागी घेतलेला वाटतो. हा खेळ मुलाला क्रूरता शिकवीत नाही, तो कारुण्यच शिकवतो. मात्र ते कारुण्य आपल्या ताब्यात आलेल्यापुरते असते, आणि अडचण नेमकी येथे आहे.

येथे कोणी पोळ्याकडे बोट दाखवील. वर्षभर जू मानेवर ठेवून एक दिवस पुरणपोळी भरविणे, ही या अपवादनीतीचीच देशी आवृत्ती नाही काय? तसे काही अंशी आहेच, आणि पोळ्याची गोडवी गाणाऱ्या आपल्या ग्रामीण लेखनाने ते पुरेसे पाहिलेले नाही. तरीही एक तपशील ध्यानात घ्यावा लागतो. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाचे खांदे तूप-हळदीने चोळतात; खांदेमळणी म्हणतात ती हीच. जू जेथे रुतते तीच जागा येथे हाताने शोधली जाते. यातून अन्याय दूर होत नाही. परंतु तो कोठे झाला हे त्या हाताला ठाऊक असते, आणि ठाऊक असल्याचे बैलासमोर कबूल केले जाते. खिशातल्या राक्षसाला अशी चोळावयाची जागाच नसते, कारण मूर्च्छा उतरली की खूण उरत नाही.

मालिकेतील आणखी एक भाग या संदर्भात विचार करण्यासारखा आहे. अरण्यात पिकाचूला स्वजातीयांचा कळप भेटतो. मुलगा जड मनाने ठरवतो की याला येथेच सोडावे, आणि पाठ फिरवून निघतो. पिकाचू कळप सोडून त्याच्याकडे परत येतो. प्रसंग हृदयस्पर्शी आहे, आणि म्हणूनच तो सावधपणे वाचला पाहिजे. कथेने स्वातंत्र्य देऊ केले, पण ते परत केले जाईल याची व्यवस्था करून देऊ केले. याच्या शेजारी लीळाचरित्रातील सशाची लीळा ठेवून पाहावी. पारध्यांनी व कुत्र्यांनी पाठलाग केलेला ससा चक्रधरस्वामींच्या गुडघ्याखाली दडतो. स्वामी पारध्यांना परावृत्त करतात, ते निघून जातात, आणि मग स्वामी गुडघा उचलून सशाला आदरार्थी संबोधून निरोप देतात. ससा जातो. तो परत आला नाही, आणि परत यावा अशी अपेक्षा गद्याच्या कोणत्याही वळणात नाही. तेराव्या शतकातील या मराठी गद्याने शरण आलेला आणि ताब्यात आलेला यांतला भेद इतक्या सहज पाळला आहे, की त्याचे सिद्धान्तन करण्याची गरज त्याला वाटली नाही.

ससा जाऊ शकतो, कारण त्याला जावयास ठिकाण आहे. खिशातल्या राक्षसाला मात्र ठिकाण नाही. चेंडूतून काढून तो कोठेही उभा करता येतो. २०१६ साली मोबाईलवर आलेल्या याच खेळाच्या अवताराने तर रस्ते, देवळे, बागा सर्वत्र हे प्राणी दाखविले. ते कोठेही उगवू शकत होते कारण ते कोठलेच नव्हते. मराठी गावाने आपल्या राक्षसांची व्यवस्था नेमकी याउलट लावली होती. म्हसोबा, वेताळ यांना गावकुसाबाहेर, शिवेवर किंवा बांधावर, शेंदूर फासून जागा दिली. सातपुड्यातील आणि पश्चिम खानदेशातील आदिवासींचा वाघदेवही असाच. त्याला पकडावयाचे नसते आणि संपवावयाचेही नसते. त्याला त्याचा वाटा देऊन अलीकडे येऊ नकोस असे विनवावयाचे असते. खिसा आणि शीव अशा या भयंकराशी नाते जोडण्याच्या दोन रीती आहेत. पहिलीत भयंकर लहान केले जाते. दुसरीत ते तेवढेच मोठे राहते, फक्त अंतर ठरते.

या दोहोंखेरीज तिसरीही एक रीत चाळीसगावच्या शेजारीच नोंदलेली आहे. १८२५ मध्ये खानदेशात भिल्लांचे पलटण उभारणारा जेम्स औट्रम हा नामांकित शिकारी होता. पुढील सुमारे दहा वर्षांत त्याच्या शिकारीत मारल्या गेलेल्या वाघांची संख्या दीडशेहून अधिक भरते, आणि तिच्यासोबत अस्वले, बिबटे, रानरेडे यांचेही आकडे आहेत. म्हणजे यादी येथेही आहेच. चाळीसगावहून कन्नडकडे चढणारा घाट औट्रम घाट म्हणून ओळखला जातो, आणि १९८६ मध्ये घोषित झालेल्या अभयारण्याचे नाव गौताळा-औट्रमघाट असे आहे. अभय देणाऱ्या अरण्याला शिकाऱ्याचे नाव असावे, यावर येथे कोणी फारसे थबकत नाही.

जॉन बर्जर याने प्राण्यांविषयीच्या आपल्या प्रसिद्ध निबंधात असे प्रतिपादन केले, की दैनंदिन जीवनातून प्राणी हद्दपार होऊ लागले तेव्हाच प्राणिसंग्रहालये आणि खेळण्यांतले प्राणी वाढीस लागले. युरोपपुरते ते पटण्याजोगे आहे. चाळीसगाव तालुक्याला ते लागू पडत नाही. येथे दप्तरावरचा पिकाचू आणि उसातला बिबट्या एकाच काळात नांदतात. २०१७ च्या उत्तरार्धात वरखेडे परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत एकामागून एक माणसे मेली, त्यांत स्त्रिया होत्या, मुले होती. कापूस वेचणीचे दिवस, आणि शेतात जाण्यास मजूर धजेनात. पिंजरे लावले गेले, पथके आली, आणि अखेर डिसेंबरमध्ये त्या बिबट्याला गोळी घालण्यात आली.

या ठिकाणी शिवेचे तत्त्वज्ञान सांगणाऱ्याने जपून बोलले पाहिजे. जिचे मूल गेले त्या आईला वाघदेवाची प्रतीकमीमांसा ऐकविणे हा असभ्यपणा होय. शिवाय शीव तरी कोठे उरली आहे? ऊस, पाटाचे पाणी, भटकी कुत्री यांनी रानाचे आणि गावाचे अंतर पुसून टाकले. बिबट्याने शीव ओलांडली असे म्हणण्यापूर्वी ती कोणी मोडली हे विचारावे लागेल. पण तेवढ्याने मेलेल्यांचा हिशेब मिटत नाही. बिबट्या निष्पाप होता हे विधान जितके खरे तितकेच त्या क्षणी निरुपयोगी होते. मारणे आवश्यक होते असे मानूनही, त्या आवश्यकतेमागे एक ऋण शिल्लक राहते असे मला वाटते, आणि ते गावाचे एकट्याचे नाही.

पकडून दुसरीकडे सोडावे, हा सुशिक्षितांचा लाडका उपाय. तो जुन्नर वनविभागात २००१ पासून मोठ्या प्रमाणावर करून पाहिला गेला. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास करून दाखविले, की हे स्थलांतर सुरू झाल्यावर माणसांवरील हल्ले घटण्याऐवजी चौपटीच्या आसपास गेले. बिबट्याला आपला मुलूख असतो, वाटा ठाऊक असतात. अनोळखी रानात सोडलेला, पिंजऱ्याने बिथरलेला प्राणी माणसाशी अधिकच भिडतो. सज्जन हेतूने केलेल्या त्या कृतीत चेंडूचेच गृहीतक दडलेले होते, प्राणी उचलून कोठेही ठेवता येतो हे. मुलांच्या खेळाला हसणाऱ्या प्रौढांनी तोच खेळ खऱ्या बिबट्यांशी खेळून पाहिला, असे म्हटले तर ते फारसे अतिशयोक्त होणार नाही.

भाषेचाही एक मुद्दा येथे आहे. या मालिकेतील प्राणी बहुधा आपल्या जातीचे नाव एवढेच बोलतात. पिकाचू आनंदात, दुःखात, रागात ‘पिका, पिकाचू’ म्हणतो, आणि इकुए ओतानी या अभिनेत्रीने तो एकच शब्द शेकडो छटांनी उच्चारला आहे. तरीही तो तक्रार करू शकत नाही. बिबट्यालाही शेवटी एकच शब्द मिळाला, ‘नरभक्षक’. मात्र हा शब्द लावणे कायद्याने सोपे ठेवलेले नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या अकराव्या कलमानुसार, असा प्राणी मानवी जीवितास धोकादायक झाला आहे, आणि त्याला पकडणे, बेशुद्ध करणे वा अन्यत्र हलविणे शक्य नाही, अशी मुख्य वन्यजीव रक्षकाची खात्री व्हावी लागते, आणि मारण्याची परवानगी कारणे नमूद करून लेखी द्यावी लागते. सरकारी भाषेचे सर्व दोष पत्करूनही ‘कारणे नमूद करून’ हे शब्द मला मोलाचे वाटतात. पिकाचूच्या जगात पकडण्यासाठी कोणाला कारण लिहावे लागत नाही. मार्च २०२३ मध्ये त्या मुलाची आणि पिकाचूची कथा जपानमध्ये संपविण्यात आली. पंचवीस वर्षांहून अधिक काळ ती चालली, मुलगा दहा वर्षांचाच राहिला, आणि पिकाचू शेवटपर्यंत चेंडूबाहेर होता. बाकीच्यांना का पकडले, हे त्याला एवढ्या काळात कोणी विचारले नाही.