इथे सही कर

गृहकर्जाचे कागद घरी आले तेव्हा मी बायकोला पेन्सिलीच्या फुल्या दाखवल्या होत्या. "इथे, इथे आणि इथे सही कर." तिने गॅस मंद केला, ओले हात पुसले आणि पाच मिनिटांत सगळ्या सह्या उरकल्या. ती तेव्हा शाळेत गणित शिकवत होती. व्याज किती, हप्ते किती वर्षं, हे तिने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. पुढची नऊ वर्षं आमचं खातं वीस तारखेनंतर उण्यात जायचं, आणि आम्ही दोघं महागाईला शिव्या घालायचो.

दोन पगार, एक जोडखातं आणि तरी महिना पुरत नाही, अशी घरं आज सोसायटी-सोसायटीत आहेत. त्यांना मिळणारा सल्ला ठरलेला असतो: बाहेरचं खाणं कमी करा, खर्चाची वही ठेवा. त्यात वावगं काही नाही. पण माझ्या पाहण्यात अशा घरांची खाती वडापावाने बुडत नाहीत, एकमेकांपासून लपवलेल्या कर्जाने बुडतात. (तुटपुंज्या मजुरीवर जगणाऱ्या घरांबद्दल मी बोलत नाही. तिथे दोष हिशेबाचा नाही, मजुरीचा आहे.)

मी लपवलं होतं ते ऑफिसच्या पतपेढीचं कर्ज. बहिणीच्या लग्नात मुलाकडच्यांनी मागितलं नव्हतं तेही दिलं, निव्वळ नावासाठी. हप्ता परस्पर पगारातून कापला जायचा. खात्यात जमा होतो तेवढाच माझा पगार, असं मी घरात सांगून ठेवलं. बायकोही काही कमी नव्हती. तिने आईच्या आजारपणात पाटल्या सोनेतारणात ठेवल्या आणि मला सांगितलं, लॉकरमध्ये आहेत. दोघांच्या मनात एकच: कशाला उगाच डोक्याला ताप द्यायचा? झाकली मूठ सव्वा लाखाची, हे आपल्याला लहानपणीच शिकवलेलं असतं. पाहुण्यारावळ्यांपुढे ती म्हण खपून जाईल. एका छपराखाली राहणाऱ्या दोघांत ती घर बुडवते.

कारण झाकलेल्या मुठीवर व्याज चालू असतं. क्रेडिट कार्डावर पन्नास हजार थकले आहेत आणि व्याज महिना साडेतीन टक्के आहे असं धरा. महिन्याचं व्याज झालं १,७५० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटीचे ३१५, म्हणजे २,०६५. 'किमान देय' पाच टक्के धरलं तर २,५०० रुपये भरून माणूस निर्धास्त होतो, आणि मुद्दल फिटतं फक्त ४३५ रुपयांनी. शिवाय पूर्ण रक्कम भरली नाही की नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत उरत नाही. त्यातच खात्यात शिल्लक नसताना हप्ता आला आणि परत गेला, तर दंड बँकही घेते आणि कर्ज देणाराही घेतो. हे सगळं एकट्याने गुपचूप निस्तरायला गेलं की माणूस दुसरं कार्ड काढतो.

न वाचता केलेली सही काय करते, हे आपल्याकडे जुनंच आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात कुणब्यांनी सावकारांची कर्जखतं जाळली. त्या खतांवर कुणब्यांचीच निशाणी होती. लिहिता न येणारा कुणबी नांगराची निशाणी करायचा, बाई बांगडीची. वर काय लिहिलंय ते सावकारालाच ठाऊक. दंग्यानंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो कायदा आला, त्यात एक फार शहाणी तरतूद होती: दस्त गावच्या निबंधकासमोर व्हावा आणि तो मोठ्याने वाचून दाखवावा. आज पदवीधर बायका नवऱ्याने फुली मारलेल्या जागी सही करतात. त्या सहीत आणि बांगडीच्या निशाणीत मला तरी फारसा फरक दिसत नाही.

सहीचा अर्थ मात्र कायद्याला पुरता कळतो. सहकर्जदाराकडून बँक सगळंच्या सगळं कर्ज वसूल करू शकते, निम्मं नव्हे. जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच, हे १८७२ च्या करार कायद्याच्या १२८ व्या कलमातच आहे. वसुलीचा फोन येतो तेव्हा "मला ह्यांनी काही सांगितलं नव्हतं" हे उत्तर चालत नाही.

"बायकांना व्यवहारातलं काय कळतं?" असं म्हणणाऱ्यांनी आपल्याच गल्लीतली भिशी पाहावी, बचत गटाची वही पाहावी. पण खरं बोलायचं तर "पैशाचं सगळं हेच बघतात" असं कौतुकाने सांगणाऱ्या बायकाही मला तितक्याच खटकतात. त्याला विश्वास म्हणतात. मला ती सोय वाटते, दोघांचीही: एकाला विचारावं लागत नाही, दुसऱ्याला सांगावं लागत नाही.

आमच्याकडे फुटलं ते पाटल्यांमुळेच. सोनेतारणाच्या लिलावाची नोटीस टपालाने आली आणि ती माझ्या हातात पडली. मी आवाज चढवला, मग पतपेढीचं आठवून गप्प झालो. त्या रविवारी जेवणं झाल्यावर आम्ही दोघांनी सगळे कागद, थकलेल्या क्रेडिट कार्डाच्या बिलासकट, चटईवर काढले. तिचे मी वाचले, माझे तिने, मोठ्याने. बेरीज तिने लाल पेनाने केली आणि दोनदा तपासली. आधी काय फेडायचं यावर जोरदार भांडण झालं. मला पाटल्या आधी सोडवायच्या होत्या, नाहीतर तिच्या माहेरी माझं नाव गेलं असतं. तिचं म्हणणं, लिलाव टळण्यापुरतं व्याज भरू, बाकी सगळं कार्डावर, कारण दर तिथे जास्त. तिचं गणित बरोबर होतं, कार्ड आधी फिटलं. खातं उण्यातून बाहेर यायला आणखी चौदा महिने लागले. मधल्या गणपतीत आरास कागदाची होती, आणि भावजय जे बोलायचं ते बोललीच.

गेल्या वर्षी मुलीच्या शैक्षणिक कर्जाचे कागद आले. सवयीने मी पेन्सिल शोधायला लागलो.

"अहो, फुल्या नंतर. आधी वाचा."

चाळीस पानं होती. नवव्या पानाला माझा घसा बसला. पुढची तिने वाचली.